धाकटीची गाठ

कारखान्यात तिला कात्रीताई म्हणत. गळ्यात दोरीला बांधलेली छोटी कात्री, अंगावर मळखाऊ रंगाचा एप्रन आणि समोर लोकरीच्या गळपट्ट्यांचा ढीग. तिथं लहान मुलांचे थंडीचे कोट शिवले जात आणि सगळेच्या सगळे परदेशी जात. प्रत्येक कोटाला गळ्याशी एक पट्टी, पट्टीला एकच काज आणि ते काज मशीनचं नाही, हाताचं. त्या काजामुळेच कोटाला भाव येतो असं मुकादम सांगायचा.

"बाहेरच्या लोकांना हाताचं आवडतं," तो म्हणायचा. "कुणाच्या हाताचं, ते विचारत नाहीत."

कात्रीताईचं काम तसं सोपं होतं. काज पुरं झालं की मागच्या बाजूनं गाठ मारतात. गाठीतून दोऱ्याचं शेपूट उरतं. ते धरायचं, ताणायचं, कापायचं. मग पट्टी पलीकडच्या टेबलावर इस्त्रीवाल्याकडे. दिवसभर तेच. संध्याकाळी एप्रन झटकला की शेपटांचा पाऊसच पडायचा आणि इस्त्रीवाला म्हणायचा, "ताई, एवढ्या दोऱ्यात माझ्या तिन्ही पोरींचे स्वेटर झाले असते."

गळपट्ट्या मात्र कारखान्यात होत नसत. त्या बांधलेल्या गठ्ठ्यांनी, बंद गाडीतून, मागच्या दारानं येत. कागदोपत्री त्या आसपासच्या बायका घरबसल्या करत होत्या. त्या बायका कुणी कधी पाहिल्या नव्हत्या. "भिंतीपलीकडचा माल आला," एवढंच कुणीतरी म्हणायचं आणि कोणती भिंत हे विचारायची वेळ यायची नाही. शहराच्या टोकाला तेवढी उंच भिंत एकच होती. तिच्या माथ्यावर काचा रोवल्या होत्या. आत बायका कोंडलेल्या होत्या हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि ते ठाऊक असणं अंगवळणी पडलं होतं.

घरी ती थोरली. तिच्यापाठची धाकटी.

धाकटीही याच कारखान्यात होती, शिलाईच्या रांगेत. तोंडानं फटकळ, हातानं चपळ. पोटुशी असलेल्या एका बाईला उभं राहून काम करायला लावलं, बाईला घेरी आली, तेव्हा धाकटीनं मशीन बंद केलं आणि हाताची घडी घालून बसली. तिच्यामागं अख्खी रांग बसली. साहेबलोकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. बसायला बाकं आली. सगळं गोडीगुलाबीनं मिटलं असं वाटलं. मग एका सकाळी कामावर येताना बसथांब्यावरून तिला गाडीत घालून नेलं. थांब्यावर माणसं होती. पाहणारे पुष्कळ होते, पाहिलं म्हणणारं कुणी निघालं नाही.

थोरलीनं कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. सगळीकडे एकच उत्तर: या नावाची बाई आमच्याकडे नाही. एका ठिकाणी जरा वयस्क साहेब होते. त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "बाई, घरी अजून कोण आहे?"

"आई आणि मी."

"मग आईला तुम्ही एकट्याच उरलात," ते म्हणाले. "घरी जा."

दम असा काही दिला नव्हता. तरी तिनं विचारणं सोडलं. घरात धाकटीचं अंथरूण मात्र गुंडाळून ठेवलं नाही. आई रोज ते झटकायची आणि पुन्हा घालायची.

असे दोन हिवाळे गेले आणि एक दिवस एक शेपूट तिच्या बोटांत अडकलं.

आधी आईचं सांगायला हवं. आईचा जन्म काज करण्यात गेला. शिंप्यांचं काम घरी आणायची, खिडकीपाशी पलंगावर बसून करायची. तिची गाठ तिची स्वतःची होती. दोरा दोनदा फिरवून, मधून काढून, मोत्यासारखी गोल बसणारी. थोरलीला तिनं पलंगावर शेजारी बसवून शिकवलं. धाकटीची पाळी आली तेव्हा वडील आजारी होते, पलंग त्यांनी अडवला होता. मग आई खिडकीत आणि धाकटी समोर स्टुलावर. समोरून पाहून पाहून पोरगी आरशातल्यासारखं शिकली. आईच्या नि थोरलीच्या गाठीचं शेपूट डावीकडे निघायचं, धाकटीच्या गाठीचं उजवीकडे. आईनं चापट्या मारल्या, हात धरून फिरवला, पण छे. "धरते चांगलीच ना? मग झालं," धाकटी म्हणायची. "तुम्ही दोघी उलट्या आहात."

त्या दिवशी थोरलीनं नेहमीसारखी पट्टी उचलली, शेपूट धरायला डावीकडे हात नेला आणि ते तिथं नव्हतंच. बाकीच्या गाठी साध्या, कशाबशा मारलेल्या असायच्या. ही गोल होती. दोनदा फिरवलेली. शेपूट उजवीकडे.

कात्री तिच्या हातात तशीच उघडी राहिली.

"काय ताई, झोप लागली का?" इस्त्रीवाला म्हणाला.

"लोकर टोचली," ती म्हणाली आणि शेपूट कापलं. सवयीनं कापलं. कापल्यावर तिच्या लक्षात आलं आपण काय केलं. तेवढा दोरा तिनं चिमटीत धरून एप्रनच्या खिशात टाकला. ढिगात तशा गाठी आणखी सापडल्या. संध्याकाळपर्यंत खिशात दोऱ्यांची छोटी गोळी झाली होती.

डाग पडलेल्या, खराब निघालेल्या पट्ट्या बायका चुलीपाशी भांडी धरायला घरी नेत. त्या गाठीची तशी एक मिळायला तिला थोडे दिवस लागले. ती तिनं आईच्या हातात दिली. आईला आता फारसं दिसत नव्हतं, पण बोटं शाबूत होती. तिनं काजावरून अंगठा फिरवला, मग मागं नेला, शेपूट चाचपलं.

मग म्हणाली, "गधडी. अजून उलटीच मारते."

आणि त्या दिवसापासून त्या घरात पुन्हा तिघी राहू लागल्या.

थोरलीचं जगणं त्या गठ्ठ्यांवर आलं. गाडीचा आवाज आला की ती मागच्या दाराकडे बघायची. गाठ दिसली की दिवस सरला. नाही दिसली की जेवण जात नसे. घरी आली की आई मान वर करायची आणि ती फक्त "आहे" म्हणायची. गाठी घट्ट असल्या तर आई म्हणायची, बरी आहे. सैल असल्या तर म्हणायची, हात गारठले असतील तिथं. एकदा गाठीत एक लांब केस आला. आईनं तो ओळखू नये म्हणून थोरलीनं सांगितलं नाही. त्यातून तो पांढरा होता.

कापलेली शेपटं ती डब्यात ठेवायची. पण गाठी जायच्या. कुठल्या कुठल्या मुलांच्या गळ्याशी, मानेच्या मऊ कातडीला लागून त्या बसत असतील. एखादं पोर झोपेत ती पट्टी चोखत असेल. तिच्या डोळ्यांसमोर ते यायचं. त्या पोरांच्या आयांना वाटत असेल की मूल उबेत आहे. होतंच उबेत.

देवाजवळ दिवा लावताना तिची पंचाईत व्हायची. काय मागायचं? माल येत राहू दे म्हणावं तर ज्या कामाला बहिणीला जुंपलंय तेच चालू ठेव म्हटल्यासारखं होतं. बंद होऊ दे म्हणावं तर हातातलं एवढंसं टोकही जाणार. शेवटी ती हात जोडून नुसती उभी राहायची. "तू बघतोयस ना," एवढंच म्हणायची. "मग बघ."

थंडीच्या तोंडावर कराराची गोष्ट सुरू झाली. जिथं कोट जायचे त्या देशाशी मोठा व्यापार करार होणार होता. झाला तर कोटांवरचा कर माफ, कारखान्यात आणखी दोन रांगा, सगळ्यांना कायमची नोकरी. पण त्या लोकांची अट होती: कोंडलेल्या माणसांकडून करून घेतलेला माल आम्ही घेणार नाही. ते पाहायला त्यांची माणसं येणार होती.

जेवणाच्या सुट्टीत इस्त्रीवाल्यानं डबा उघडला, पण खाल्लं नाही. धाकटीच्या गाठीचं त्याला माहीत होतं. सांगितलं नव्हतं कुणी. समोरासमोरच्या टेबलांवर इतकी वर्षं उभं राहिल्यावर सांगावं लागत नाही.

"शेजारच्या शहरातला कारखाना असाच गेला," तो म्हणाला. "पाहुणे आले, नाक मुरडलं, गेले. कुलूप लागलं. तिथल्या बायका आता कुठं आहेत, कुणी विचारतं का? माणुसकीच्या नावानं झालं सगळं."

"मला कशाला सांगतोस?"

"तुलाच सांगतोय." त्यानं डब्याचं झाकण लावलं. "तुझी बहीण माझ्यासाठी पण बसली होती त्या दिवशी. मी विसरलो नाही. पण माझ्या घरी चार तोंडं आहेत, ताई. मी काय करू, तू सांग."

तो खोटं बोलत नव्हता, हेच तर अवघड होतं.

मग मुकादमानं तिला बोलावलं. पाहुण्यांना काज करणाऱ्या बायका दाखवायच्या होत्या आणि कारखान्यात हाताचं काज येणारी ती एकटीच. "तुम्ही पुढं बसा. मागं चारपाच जणी सुया घेऊन बसवू, त्या नुसत्या हात हलवतील. विचारलं तर म्हणायचं, आम्हीच करतो, घरी करतो, खूश आहोत."

"आणि बाकीच्या पट्ट्या?"

"त्या पण तुमच्याच," मुकादम म्हणाला. तिच्याकडे न बघता म्हणाला.

म्हणजे बहिणीच्या गाठी तिनं आपल्या म्हणून सांगायच्या. ती घरी आली तेव्हा पाय ओढत आली.

आई म्हणाली, "मला विचारू नकोस. बोललीस तरी मी रडणार, गप्प बसलीस तरी रडणार. माझ्या रडण्यावर ठरवू नकोस." थोड्या वेळानं म्हणाली, "समोर बसवलं तेच चुकलं माझं. जागाच नव्हती गं शेजारी."

थोरलीनं गप्प बसायचं ठरवलंही होतं. निदान दिसत तर राहील. पण पाहुणे यायच्या आधीच्या गठ्ठ्यांत गाठी बदलल्या. उजव्या शेपटाच्या गाठी सैल पडू लागल्या. दोरा मध्येच सुटलेला, पुन्हा मारलेला. गारठ्याची सैल गाठ वेगळी आणि ही वेगळी. ही ताकद सरलेल्या हाताची होती. आणि त्याच गठ्ठ्यांत एक नवीच गाठ दिसायला लागली. ओबडधोबड, शिकाऊ, पण गोल. दोनदा फिरवलेली. शेपूट डावीकडे.

तिनं दोन्ही पट्ट्या घरी नेल्या. यावेळी कुणाला विचारून नेल्या नाहीत. मोज्यात घालून नेल्या.

आईनं आधी सैल गाठ चाचपली आणि ओठ मिटले. मग दुसरी हातात घेतली. बोट थांबलं.

"ही माझी आहे," ती म्हणाली. "पण माझ्या हातची नाही. तुझीही नाही."

"कुणीतरी तिच्या समोर बसून शिकलंय," थोरली म्हणाली. "उलट्याचं उलटं."

"कशाला शिकवतेय ती?"

दोघींनाही उत्तर ठाऊक होतं. आपला हात चालेनासा झाला की माणूस काम दुसऱ्याला शिकवतो. आईनंही खिडकीत बसून तेच केलं होतं.

त्यानंतर आईनं ते अंथरूण झटकलं नाही. त्याच्या कडेला बसून राहिली.

पाहुणे आले त्या दिवशी कारखाना धुऊनपुसून लख्ख होता. वरच्या मजल्यावरच्या खोलीत नवे पडदे होते. थोरली पुढं बसली, मागं सुया घेऊन हात हलवणाऱ्या. पाहुण्यांतली एक बाई त्या खोलीत आली, बरोबर दुभाष्या. बाई वयानं थोरलीएवढीच, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. तिनं मुकादमाला नम्रपणे बाहेर थांबायला सांगितलं. मग खुर्ची ओढून समोर न बसता शेजारी बसली. थोरलीला ते उगीचच लागलं.

"माझ्या भाचीला असाच कोट आहे," बाई दुभाष्यामार्फत म्हणाली. "हे तुम्ही करता?"

"करून दाखवते," थोरली म्हणाली.

तिनं काज केलं. टाक्याला टाका लावून, घाई न करता. इतक्या वर्षांत ती फक्त कापत आली होती, पण हात विसरला नव्हता. गाठ मारली. कात्री गळ्यातच राहू दिली. शेपूट डावीकडे लोंबत होतं. मग एप्रनच्या खिशातून तिनं शेपूट न कापलेली एक पट्टी काढली आणि आपल्या पट्टीशेजारी ठेवली.

"ही माझी," ती म्हणाली. "आणि ही माझ्या बहिणीची. ती भिंतीच्या आत आहे. कचेरीत म्हणतात, अशी कुणी बाईच नाही. पण तिच्या गाठी येतात. आता तिचा हात चालत नाहीये."

मागच्या बायकांचे हात थांबले.

दुभाष्या तरुण नव्हता. पुष्कळ सभांना बसलेला माणूस. त्यानं थोरलीकडे पाहिलं. "ताई, हे सांगू? एकदा सांगितलं की परत घेता येत नाही."

"सांगा."

त्यानं सांगितलं. नीट सांगितलं असावं, कारण बाईनं चष्मा लावला, दोन्ही पट्ट्या उचलल्या, उलट्या केल्या आणि दोन्ही शेपटांवरून हलकेच बोट फिरवलं. आई फिरवायची तसंच.

मग तिनं विचारलं, "आम्ही काय करावं असं तुम्हाला वाटतं? हा माल घेणं थांबवावं?"

असं थोरलीला आजवर कुणी विचारलं नव्हतं. तिला इस्त्रीवाल्याचं न खाल्लेलं जेवण आठवलं. मागं बसलेल्या बायकांचा श्वास ऐकू येत होता.

"माल थांबवू नका," ती म्हणाली. "माल घेता तसं माणूस मागा. एवढे कोट मागता तुम्ही, एक बाई मागा. दाखवा म्हणा. जिवंत आहे ना, तर समोर आणा म्हणा."

बाईनं मान खाली घातली. "आमच्या हातात घेणं किंवा न घेणं एवढंच असतं," ती म्हणाली. "माणूस मागायचं काम दुसऱ्यांकडे आहे. पण मी सांगेन. तुमचं नाव न घेता, ही गाठ त्यांना सांगेन. नक्की सांगेन."

बाई धाकटीची पट्टी मागून घेऊन गेली. थोरलीला तिचा राग आला नाही. तिचे डोळे भरले होते आणि ते खोटे नव्हते.

कुणी थोरलीला काही केलं नाही. मुकादम दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा म्हणाला, "आलात का ताई?" तेवढंच. पण त्या दिवसापासून ती रस्त्यानं मागं बघत चालायची.

हिवाळा संपता संपता करार झाला. रेडिओवर सांगितलं की मानवी हक्कांच्या मुद्द्यावर दोन्ही बाजूंनी मोकळी आणि समाधानकारक चर्चा झाली, व्यवस्था सुधारल्याची खात्री पटली. इस्त्रीवाल्याची नोकरी कायम झाली. तो पेढे वगैरे वाटत बसला नाही. आवाज बारीक कर, एवढंच म्हणाला.

त्यानंतर पहिली गाडी आली. गठ्ठे चांगल्या कागदात बांधलेले, वर शिक्का, घरकाम करणाऱ्या महिलांच्या नावाचा. थोरलीनं गठ्ठा सोडला. पहिली पट्टी उलटली. दुसरी उलटली. मग हात घालून सगळा ढीगच उलटापालटा केला.

शेपटं नव्हती. एकीलाही नव्हतं. सगळी तिथंच, आतच, अगदी गाठीलगत कापून पाठवली होती. गाठी होत्या, स्वच्छ, नेटक्या. डावी-उजवी काही उरलं नव्हतं.

"तुमचं काम सोपं केलं बघा," मुकादम म्हणाला. "आता ही कात्री कशाला? उद्यापासून पॅकिंगला जा."

ती गळ्यातून कात्री काढेपर्यंत तो थांबला.

जिच्या हाताची खूण तिनं एवढी जपली, ती खूण तिनंच दाखवली होती. बाईनं शब्द पाळला होता. गाठ सांगितली होती. ज्यांना सांगायची त्यांना सांगितली, त्यांनी पुढं विचारली आणि ज्यांना उत्तर द्यायचं होतं त्यांनी उत्तर दिलं. मधे कुणीच खोटं वागलं नसेलही. थोरली पॅकिंगच्या टेबलाशी उभी राहून याचाच विचार करायची. कोट घडी घालायची, गळपट्टी लावायची आणि लावताना अंगठा मागच्या गाठीवरून जायचाच.

इस्त्रीवाला मधूनमधून एखादी पट्टी तिच्या डब्याच्या पिशवीत टाकतो. का टाकतोस असं ती विचारत नाही, तोही सांगत नाही. संध्याकाळी ती पट्टी ती आईच्या हातात देते. आई खिडकीपाशी बसून गाठीवर बोट ठेवते. शेपूट नसलेली ती गाठ पिटुकल्या बीसारखी लागते. आई डोळे मिटून ती चाचपत राहते, इतका वेळ की खोलीतला उजेड उतरतो.

"आहे," आई म्हणते.

"कशावरून?"

"आहे म्हटलं ना."

थोरली तिच्या तोंडाकडे बघते. त्या बोटांना खरंच काही कळतंय, की आई आता तिच्यासाठीच म्हणतेय, हे तिला समजत नाही. विचारायचं धाडस होत नाही. ती दिवा लावते, हात जोडते आणि पूर्वीसारखीच काही न मागता उभी राहते. मागं आई पुन्हा धाकटीचं अंथरूण झटकत असते.